रुग्णालयाच्या खिडकीतून झाडं दिसली तर रुग्ण खरंच लवकर बरा होतो का?

हो, थोडा लवकर घरी जातो आणि त्याला तीव्र वेदनाशामकंही कमी लागतात. याचा आधार म्हणजे रॉजर उलरिच यांचा १९८४ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेला अभ्यास. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, तशाच दुसऱ्या २३ जणांना समोर विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. परिचारिकांच्या नोंदींतही झाडंवाल्यांबद्दलचे नकारात्मक शेरे कमी होते.

पण अभ्यास लहान होता आणि तुलना कोऱ्या भिंतीशी होती. वर्दळीचा रस्ता दिसला असता तर काय, हे त्यातून कळत नाही. दीर्घकाळ कंटाळलेल्या रुग्णाला असा रस्ता जास्त बरा वाटू शकतो, हे उलरिच यांनीच नोंदवलंय.

रुग्णाच्या खोलीचा आराखडा करताना दोन गोष्टी बघा:
- खिडकीची खालची कड इतकी खाली घ्या, की पडल्यापडल्या बाहेरचं दिसेल. उभ्या माणसाच्या उंचीने मोजू नका, ही चूक फार होते.
- पलंगाची दिशा आधी ठरवा, मग खिडकी.