वाचक विचारतात : वेल्सच्या गावशाळेचं दप्तर

प्रश्न : माझी मुलगी वेल्समधल्या एका खेड्यात राहते. तिथली जुनी शाळा बंद करण्याची चर्चा सुरू झाल्यावर गावकऱ्यांनी शाळेचा इतिहास लिहायला घेतला आहे. कागदपत्रं कुठून पाहायला सुरुवात करावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुख्याध्यापकांच्या लॉगबुकापासून, म्हणजे शाळेच्या नोंदवहीपासून. १८६२च्या सुधारित नियमावलीनं सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांना ते सक्तीचं केलं. जुनी लॉगबुकं बहुधा काउंटीच्या अभिलेखागारात असतात.

पानं उलटण्याआधी तेव्हाचा पैशांचा हिशेब समजून घ्या. सरासरी हजेरीवर दर मुलामागे ४ शिलिंग मिळत. सहा वर्षांवरचं मूल २०० पेक्षा जास्त वेळा हजर असेल (सकाळ-दुपार वेगळी मोजून) आणि परीक्षेत उतरलं, तर आणखी ८ शिलिंग. वाचन, लेखन, गणित यांपैकी प्रत्येक नापास विषयामागे त्यातून २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. (मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनीही निकालावरच्या अनुदानाची ही पद्धत सोसली आहे.) त्यामुळे हजेरी का घसरली हे लिहून ठेवणं मुख्याध्यापकांना भागच होतं. गवताची कापणी, बटाट्याची काढणी, जत्रेचा दिवस, गोवराची साथ, बर्फानं अडलेल्या वाटा अशा नोंदी वर्षानुवर्षं ओळीनं लावल्या की गावाच्या कामधंद्याचं पंचांगच हाती येतं. शाळेचा इतिहास म्हणून इमारतीच्या तारखा आणि मुख्याध्यापकांची यादी छापणाऱ्या पुस्तिका हे सगळं हातचं घालवतात.

नोंदी कोरड्या वाटतील. सर्वसाधारण मतं लिहू नयेत, असा नियमच होता. शिवाय वही इन्स्पेक्टर वाचणार हे मुख्याध्यापकांना ठाऊक असे, तेव्हा गैरहजेरीची कारणं दाखल रजिस्टर आणि स्कूल बोर्डाच्या (निवडून आलेल्या स्थानिक शाळामंडळाच्या) इतिवृत्ताशी ताडून पाहावीत. स्कूल बोर्डं १८७०च्या कायद्यानंतरची. त्याआधीची शाळा असेल तर ती अँग्लिकन चर्चची ‘नॅशनल’ की मुख्यतः इतर प्रोटेस्टंट पंथीयांच्या पाठिंब्यावरची ‘ब्रिटिश’ हे आधी ठरवा. बहुसंख्य घरं चॅपलला (अँग्लिकन नसलेल्या पंथांच्या प्रार्थनाघराला) जाणारी आणि शाळा मात्र चर्चची, अशा गावांत कटुता होती.

हमखास घोटाळा होतो तो नावांत. एकाच वर्गात तीन-तीन जॉन जोन्स सापडतात. दाखल रजिस्टरमधली जन्मतारीख, पालकाचं नाव आणि शेतघराचं नाव एकत्र लावल्याशिवाय कुणाचं नातं जोडू नये.

प्रश्न : वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात पाटी अडकवत, हा सरकारी हुकूम होता का?
– एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : नव्हता. ‘वेल्श नॉट’ म्हणजे बहुधा डब्ल्यू-एन कोरलेला लाकडाचा तुकडा. वेल्श बोलताना सापडलेल्या पुढच्या मुलाकडे तो जाई आणि दिवसाअखेर ज्याच्याकडे असेल त्याला छडी बसे. प्रथा शाळाशाळांनी चालवली. सरकारचा दोष वेगळा आणि तितकाच मोठा. वेल्समधल्या शिक्षणावरच्या १८४७च्या सरकारी अहवालात वेल्श न जाणणाऱ्या तीन आयुक्तांनी त्या भाषेला मागासपणाचं कारण ठरवलं, आणि १८६२च्या अनुदानात वेल्शला एक पेनीही नव्हती. लॉगबुकात ‘नॉट’चा उल्लेख नाही, एवढ्यावरून तो त्या शाळेत नव्हता असं म्हणता येत नाही.

त्याआधी चित्र निराळं होतं. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स यांच्या फिरत्या शाळा गावात साधारण तीन महिने मुक्काम करत, वेल्शमधूनच वाचायला शिकवत आणि दिवसभर राबणाऱ्या मोठ्यांसाठी रात्री वर्ग भरवत.

प्रश्न : आज गावाला शाळा वाचवता येते का?
– सातारचेच वाचक

उत्तर : येते, पण मुदती पाळाव्या लागतात. २०१८च्या वेल्श नियमसंहितेनुसार तिच्या यादीतली ग्रामीण शाळा बंद करू नये हेच आधी गृहीत धरायचं असतं. बंद करू पाहणाऱ्यांना दुसरे पर्याय तपासावे लागतात आणि गावावर काय परिणाम होईल हे मांडावं लागतं. शाळेच्या सभागृहात काय काय भरतं, आइस्टेडफोडची (वेल्श काव्य-संगीताच्या स्पर्धा-उत्सवाची) तयारी कुठे होते, हे गावकऱ्यांनी तारखांसह द्यावं. सल्लामसलत किमान ४२ दिवस चालते आणि त्यांत शाळेचे २० दिवस असावे लागतात. प्रस्ताव पुढे गेला तर लेखी हरकतींसाठी २८ दिवस मिळतात. इथेच गावं फसतात : सल्लामसलतीत पाठवलेलं पत्र हरकत म्हणून धरलं जात नाही, या २८ दिवसांत ते पुन्हा पाठवावं लागतं.