पुतळा कलाकाराचाच राहणार असेल, तर गावाने आभार कशाचे मानायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या इल्फ्राकूम या बंदराच्या गावाला डेमियन हर्स्टने 'व्हेरिटी' हा आपला पुतळा २० वर्षांसाठी उसना दिला आणि गावातले लोक त्याबद्दल आभार मानतात. पुतळा त्याचाच राहणार, मुदत संपली की परतही जाणार, मग आभार कसले? आणि आपल्याकडे असं शिल्प गावासाठी उसनं घेता येतं का?

घेता येतं. मी दिलंय, आणि परतही आणलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेवढंच. पहिल्या प्रश्नावरून मात्र माझा आणि माझ्या दाजींचा गेली आठ वर्षं वाद चालू आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी व्हेरिटीबद्दल. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती तिथल्या धक्क्यावर उभी राहिली. स्टेनलेस स्टील आणि ब्राँझ, उंची २० मीटरच्या वर. गरोदर बाई आहे. एका हातात उंच धरलेली तलवार, दुसऱ्या हातात पाठीमागे लपवलेला तराजू, पायाखाली कायद्याच्या पुस्तकांचा ढीग. अर्ध्या अंगाची कातडी सोललेली, त्यामुळे कवटी आणि पोटातलं मूल दिसतं. मला ती आवडत नाही. दगडात काम करणाऱ्या माणसाला इतकं बोलकं शिल्प सहसा आवडत नाही. पण त्या गावाची एक गोष्ट मला फार आवडते. पुतळा कोणाचा आणि किती वर्षांसाठी आलाय, हे तिथे उघड आहे. उसना आहे, २० वर्षांसाठी आहे, असं लोक बोलता बोलता सांगतात.

आता माझी गोष्ट. मी बडोद्याचा, तिथल्या वाडी भागात वाढलेला. फाइन आर्ट्सला शिल्पकला शिकलो, पुढे पोटासाठी शाळेत चित्रकला शिकवली आणि दगडाचं काम घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालू ठेवलं. त्यातलं मला सगळ्यात जवळचं काम म्हणजे बसलेली म्हैस. ध्रांगध्र्याचा फिकट वाळूचा दगड, लांबी पाच फूट, वजन सव्वा टनाच्या आसपास. डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित वळलेली, रवंथ करतेय. वाडीत आमच्या घरासमोर गोठा होता, तिथे दुपारी अशीच एक बसायची. सव्वा वर्ष टाकी मारली त्या दगडावर.

२०१६ मध्ये दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, त्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. सोसायटी बडोद्यातल्या विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही, नाव सांगत नाही. मधल्या बागेत त्यांना काहीतरी ठेवायचं होतं. कोणीतरी फायबरचे हंस सुचवले होते. मी म्हटलं, दाजी, माझी म्हैस न्या, तीन वर्षांसाठी. ने-आण माझ्या खर्चाने. तुम्ही फक्त पाया घालून द्या आणि खाली एक पाटी लावा: 'हे शिल्प सोसायटीला तीन वर्षांसाठी उसने मिळाले आहे, शिल्पकाराचे आभार. कृपया रंग लावू नये, घासू नये.'

पाया झाला. हायड्रा क्रेनने म्हैस उतरवली, पोरं तिच्या पाठीवर चढून बसली आणि मला खरोखर आनंद झाला. पाटी मात्र आली नाही. विचारलं तर दाजी म्हणाले, "अरे, घरच्या माणसाचे कोणी आभार मानतं का? पाटी लावली की तू परका झालास. आपलीच आहे ती म्हैस."

हे वाक्य ऐकायला गोड आहे. आपल्या सगळ्या मराठी घरांत ते म्हणतात. आईला कोणी थँक्यू म्हणत नाही, ताईने डबा दिला तर आभार मानणं तिला लागतं. मला हे सगळं मान्य आहे. पण त्याच घरांत शेजारून साखरेची वाटी आली तर ती रिकामी परत जात नाही. दोन वड्या, चार चकल्या, काहीच नसलं तर पेरूची फोड, काहीतरी त्यात पडतंच. आणि ती वाटी कोणाची हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, कारण तिच्या बुडाशी नाव कोरलेलं असतं. ताईच्या स्वयंपाकघरातल्या एकूण एक पातेल्यावर, अगदी चहाच्या गाळणीच्या दांड्यावरसुद्धा, दाजींचं नाव आहे. मी तेव्हाच विचारलं होतं, की गाळणीवर नाव चालतं तर म्हशीखाली का चालत नाही? उत्तर मिळालं नाही.

२०१७ च्या दिवाळीत सोसायटीने म्हैस रंगवली. काळी कुळकुळीत, ऑइल पेंटने, शिंगं राखाडी आणि कपाळावर पांढरा टिळा. पांढरट म्हैस बरी दिसत नाही म्हणून उत्साहाने वर्गणी काढली होती. रंगवणारी मुलं मला ओळखत होती. मी पोचलो तेव्हा त्यांनी धावत येऊन दाखवलं, की काका, बघा, आता खरी दिसते ना? त्यांच्यावर मी रागावूच शकलो नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की ही वस्तू दुसऱ्याची आहे आणि ती परत जायची आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, वाळूचा दगड श्वास घेतो. जमिनीतून आणि पावसातून ओल त्यात शिरते आणि उन्हात बाहेर पडते. वरून ऑइल पेंटचा थर बसला की ओल आत कोंडते, तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाच्या मागे साचतात आणि एक दिवस पापुद्रा रंगासकट सुटून येतो. टाकीचं बारीक काम नेमकं त्याच पापुद्र्यात असतं. मी दीड महिना रोज जात होतो. रंग काढायचं रसायन लावायचं, वर ओल्या मुलतानी मातीचा लेप द्यायचा, वाळला की लाकडी पट्टीने अलगद उचलायचा, मग पाणी. तारेचा ब्रश नाही, अॅसिड नाही. सोसायटीतल्या एकाने प्रेशर पंपाने उडवून देऊ म्हटलं, त्याला हात जोडले. तरीही डाव्या डोळ्याच्या पापणीची कड गेली ती गेलीच. ती कड करायला मला चार दिवस लागले होते.

त्या दीड महिन्यात दाजींशी जे बोलणं झालं तोच आमचा वाद. त्यांचं म्हणणं, लोकांनी प्रेमाने रंगवली आणि तू कागद मागतोस. माझं म्हणणं, पाटी असती तर हेच प्रेम रंगाऐवजी दुसऱ्या कशात उतरलं असतं. आभाराची ओळ माझ्या मानपानासाठी नव्हतीच. ही वस्तू परतीची आहे, याची रोज जाता-येता आठवण राहावी म्हणून ती हवी होती. आभार मानताना समोरच्याचा हक्क मान्य होतो, आणि हक्क मान्य झाला की हात आपोआप जपून लागतो. 'आपलीच आहे' म्हटलं की ती रंगवायचाही हक्क येतो, हलवायचाही, आणि वेळ पडली तर विकायचाही.

विकायचा म्हणतोय ते उगाच नाही. शिल्पकार हेन्री मूरचं 'ड्रेप्ड सीटेड वुमन' नावाचं ब्राँझ शिल्प १९६२ मध्ये लंडनच्या कौन्सिलने विकत घेऊन पूर्व लंडनमधल्या स्टिफर्ड इस्टेट या वसाहतीत ठेवलं. गरीब वस्तीतल्या लोकांनाही चांगलं शिल्प बघायला मिळावं हा हेतू. तिथले लोक तिला 'ओल्ड फ्लो' म्हणायचे. पुढे वसाहत पाडली, १९९७ मध्ये ती यॉर्कशायरच्या शिल्पउद्यानाला उसनी दिली आणि तिथे ती व्यवस्थित राहिली. २०१२ मध्ये मात्र टॉवर हॅम्लेट्स या स्थानिक कौन्सिलने पैशांची तंगी सांगून तिला विकायचं ठरवलं. केवढा गदारोळ झाला! विक्री टळली आणि २०१७ मध्ये ती पूर्व लंडनला परतली. म्हणजे उसन्या घरी ती सुखाने नांदली आणि विकायला निघाले ते मालकी सांगणारे.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून कडू आहे. अमरनाथ सेहगल यांचं प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. सरकारनेच करून घेतलं होतं, मालकी सरकारची. १९७९ मध्ये ते काढून गोदामात टाकलं, तुकडे झाले. सेहगल कोर्टात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत करायला आणि ५ लाख रुपये नुकसानभरपाई द्यायला सांगितलं. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७. काम विकल्यावरसुद्धा त्याची मोडतोड झाली तर कलाकाराला दाद मागता येते. दाजींना मी हा निकाल वाचून दाखवला होता. ते म्हणाले, आता तू मला कोर्टात नेणार का? नाही हो दाजी. मला फक्त पाटी हवी होती.

शिल्प कोणाचं हे विचारायची सवय बडोद्यात खरं तर असायला हवी होती. सयाजीबागेच्या दारापाशी सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, अख्खं गाव त्याला काळा घोडा म्हणतं. रिक्षावाल्याला 'काळा घोडा' सांगितलं की पुढे काही सांगावं लागत नाही. तो फ्रान्सिस डर्वेंट वुडने केला, १९०७ चा. याच माणसाने पुढे पहिल्या महायुद्धात चेहरा उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांसाठी धातूचे पातळ मुखवटे घडवले, ते लावून ती पोरं पुन्हा घराबाहेर पडू शकली. त्या घोड्याखाली मी हजारदा उभा राहिलो असेन, पण हे मला फाइन आर्ट्सला गेल्यावर कळलं. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना तोवर शिल्पकाराचं नावही माहीत नव्हतं. ज्या गावात शिल्पकार घडतात त्या गावाची ही गत!

तर तुम्हाला उसनं शिल्प घ्यायचं असेल तर कागद करा. नातं असेल तर आधी करा. मुदत, ने-आण कोणाच्या खर्चाने, पाया कोण घालणार, विमा कोणाचा, साफसफाई कोणी आणि कशाने करायची, हे सगळं एका पानात मावतं. पुराचं पाणी चढणारी जागा असेल तर चौथरा उंच घ्या, हे मी तेव्हा केलं नाही. बाकी बारकावे एखाद्या वकिलाला विचारा. आणि पाटी. आधी पाटी, मग शिल्प.

काही गोष्टी माझ्या बाजूच्या नाहीत, त्याही सांगतो. इल्फ्राकूममध्ये सगळे खूश नव्हते, पुतळ्याला सुरुवातीला विरोधही झाला. हर्स्टसारख्या मोठ्या कलाकाराला असं उसनं देण्यात स्वतःचाही फायदा असतो, तेव्हा गावाने भारावून जाण्याचं कारण नाही. आणि मुदत म्हणजे दगडावरची रेघही नव्हे. लिव्हरपूलजवळ क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर अँटनी गॉर्मलीचे १०० ओतीव लोखंडी पुतळे २००५ मध्ये तात्पुरते आले, २००६ च्या शेवटी जाणार होते. लोकांना ते इतके आपले वाटले की २००७ मध्ये कायम ठेवायला परवानगी मिळाली. 'आपले' शब्द तिथेही आला, हे दाजींच्या बाजूने धरा. फक्त तिथे तो रीतसर मागून घेतलेला होता.

आता राहिलेलं सांगतो. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडला. विश्वामित्री फुगली, सोसायटीच्या तळमजल्यात पाणी. म्हैस गळ्यापर्यंत बुडाली होती. दोन दिवस मला तिकडे जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. तळमजल्यावरच्या एक गुजराती बाई, रंग काढताना रोज मला चहा आणून द्यायच्या त्या. त्यांचा फ्रिज, गाद्या, मुलांची पुस्तकं, सगळं चिखलात होतं. त्या म्हणाल्या, "काका, भेंसने कंई नथी थयुं. घसी नथी, खाली पाणी रेड्युं छे." म्हशीला काही झालं नाही, घासली नाही, नुसतं पाणी ओतलं. स्वतःच्या घरातला गाळ उपसायचा बाकी असताना बाईंनी आधी म्हशीवर बादल्या ओतल्या होत्या, आणि न घासायचं लक्षात ठेवलं होतं. तुम्ही विचारता, आभार कशाचे. मला विचाराल तर आभार असे असतात.

त्याच वर्षी तीन वर्षं पूर्ण झाली. मी दाजींना म्हटलं, आणखी पाच वर्षं ठेवतो, सोसायटीच्या लेटरहेडवर दोन ओळी द्या. ते म्हणाले, "ठेव ना, आपलीच आहे." मी महिनाभर थांबलो. मग हायड्रा बोलावली. म्हैस टेम्पोत चढवत असताना त्या बाई आल्या आणि तिच्या पुढच्या पायांशी एक स्टीलचा डबा ठेवून गेल्या. सुखडी होती, अजून कोमट. डब्यावर त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं.

म्हैस आता मांजलपूरला माझ्या अंगणात आहे. दर भाऊबीजेला दाजी विषय काढतात, ताई दोघांनाही गप्प करते. दाजी इथे वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून शेवटचं त्यांच्यासाठी. दोन ओळींचं पत्र आलं तर मी ती पुन्हा पाठवतो, हायड्राचा खर्चही माझा. तुम्हाला लिहायचं नसेल तर तळमजल्यावरच्या बाईंनी लिहिलं तरी चालेल.