वाचकांचे प्रश्न : फायलिंग कॅबिनेट उभे घ्यावे की आडवे?

प्रश्न : आमच्या लहान कार्यालयातील फायली सध्या उघड्या रॅकवर आहेत. त्यांच्यासाठी चार खणांचे उभे कॅबिनेट घ्यावे की रुंद, आडवे घ्यावे, यावर आमचे एकमत होत नाही. जाड पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये कागद आगीपासूनही सुरक्षित राहतात, असे विक्रेता सांगतो. ते खरे आहे का?

उत्तर : उभ्या कॅबिनेटला भिंतीलगत जागा कमी लागते, पण त्याचा खोल खण पूर्ण ओढला की तो जवळजवळ कॅबिनेटच्या खोलीइतकाच पुढे येतो आणि त्यापुढे माणसाला उभे राहायलाही जागा लागते. आडवे कॅबिनेट भिंत जास्त अडवते, मात्र पुढे कमी येते. त्यामुळे अरुंद वाटेच्या कडेला आडवे आणि कोपऱ्यात उभे, हा साधा हिशेब बहुतेक ठिकाणी जमतो. जागेबरोबर कागदही मोजावेत, कारण ए-फोर कागदाची उंची 297 मिलिमीटर असते, तर लीगल कागद सुमारे 356 मिलिमीटरचा असतो आणि तो ए-फोरसाठी केलेल्या खणात दुमडूनच ठेवावा लागतो.

खरेदीच्या वेळी रंग आणि कुलूप सगळेच पाहतात, वजनाचा विचार मात्र क्वचितच होतो. नेहमीच्या 80 जीएसएम (एका चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाच्या) ए-फोर कागदाच्या 500 पानांचे वजन अडीच किलो भरते आणि त्यांची जाडी साधारण पाच सेंटिमीटर होते; म्हणजे अर्धा मीटर लांबीचा खण ठासून भरला, तर त्यात सुमारे 25 किलो कागद बसतो. असे वरचे दोन खण एकदम ओढले गेले, तर कॅबिनेट पुढे कलंडून अंगावर येऊ शकते. म्हणून एक खण उघडा असताना दुसरा उघडूच नये, अशी अडकण असलेलेच कॅबिनेट घ्यावे. विक्रेत्याच्या शब्दावर न राहता दुकानातच एक खण ओढून दुसरा उघडून पाहावा. खण शेवटपर्यंत बाहेर येतो का आणि तो ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांत, म्हणजे चॅनेलमध्ये, बेअरिंग आहेत का, हेही तेव्हाच तपासावे. नाहीतर मागच्या फायली काढण्यासाठी रोज हात आत खुपसावा लागेल.

मात्र या अडकणीमुळे एका वेळी एकालाच काम करता येते. आपल्याकडे दोघा-तिघांना एकाच वेळी फायली लागत असतील, तर चार खणांच्या एका कॅबिनेटपेक्षा दोन खणांची दोन घ्यावीत, असे मी सुचवेन.

आगीबाबतचे विक्रेत्याचे म्हणणे बरोबर नाही. पत्रा कितीही जाड असला तरी उष्णता आत पोहोचवतोच आणि ज्वाळा आत न शिरताही कागद करपतो. अग्निरोधक कॅबिनेटच्या भिंतींत उष्णतारोधक थर असतो आणि कागदांसाठीच्या प्रचलित चाचणीत ठरावीक वेळ आतले तापमान 177 अंश सेल्सिअसच्या आत राहावे लागते. ही वेळ किती, हे विक्रेत्याला विचारावे. अशी कॅबिनेटे फार जड असल्याने कार्यालय वरच्या मजल्यावर असेल, तर जमिनीची क्षमता आधी जाणकाराकडून तपासून घ्यावी.