'फॉर्मल ऑन्टोलॉजी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: एका अनुवादात "माहिती प्रणालींमध्ये औपचारिक सत्ताशास्त्र महत्त्वाची भूमिका बजावते" असं वाक्य आलं आहे. मूळ शब्द 'फॉर्मल ऑन्टोलॉजी'. (ऑन्टोलॉजी किंवा सत्ताशास्त्र म्हणजे जगात काय काय आहे आणि ते कोणत्या प्रकारचं आहे, याचा विचार. इथली 'सत्ता' म्हणजे असणं.) हा अनुवाद बरोबर आहे का, आणि मुळात संगणकवाल्यांना सत्ताशास्त्राशी काय देणंघेणं?

'औपचारिक' आधी काढून टाका. मराठीत औपचारिक म्हणजे रीत म्हणून केलेलं, उपचारापुरतं. इथला 'फॉर्म' म्हणजे आशय बाजूला केल्यावर उरणारा आकार. 'आकारिक तर्कशास्त्र' मराठीत रुळलेलं आहेच. तेच विशेषण इथे घ्यावं. तत्त्वज्ञ एडमुंड हुसेर्लच्या मांडणीत आकारिक सत्ताशास्त्र म्हणजे वस्तू, गुण, संबंध, अंश आणि पूर्ण अशा कुठल्याही विषयाला लागू पडणाऱ्या कल्पनांचा विचार. संगणकाच्या जगात त्याला आणखी एक अर्थ चिकटला: तर्काच्या काटेकोर चिन्हभाषेत लिहिलेलं. 'आकारिक' दोन्ही अर्थ पेलतो.

'सत्ताशास्त्र' तत्त्वज्ञानात ठीक आहे. बाहेर मात्र तो शब्द ऐकताच लोकांना निवडणुका आठवतात. 'अस्तित्वशास्त्र' म्हणावं तर अस्तित्ववाद आड येतो. पण खरी अडचण वेगळीच आहे. लॅटिनमध्ये 'ओन्टोलोगिया' हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीला घडवला गेला, तो एका शास्त्राचं नाव म्हणून. शास्त्र एकच, त्यामुळे अनेकवचनाचा प्रश्न नव्हता. संगणकक्षेत्रात मात्र 'एक ऑन्टोलॉजी', 'दोन ऑन्टोलॉज्या' असं सर्रास बोलतात, कारण तिथे ती एक तयार केलेली चीज असते. संगणकशास्त्रज्ञ टॉम ग्रुबर यांची १९९३ची व्याख्या प्रसिद्ध आहे: एखाद्या क्षेत्राबद्दलच्या आपल्या संकल्पनांची उघड, नेमकी मांडणी म्हणजे ऑन्टोलॉजी. इंग्रजीत हा फरक दाखवायला शास्त्रासाठी मोठं आद्याक्षर आणि मांडणीसाठी छोटं, अशी तोड काहींनी सुचवली. देवनागरीत ती सोय नाही. म्हणून माझं मत: शास्त्राला 'सत्ताशास्त्र', त्या मांडणीला सरळ 'ऑन्टोलॉजी', स्त्रीलिंगी, कंपनी-कंपन्यासारखी चालवावी. ('महत्त्वाची भूमिका बजावते'बद्दल मी काही बोलत नाही. माहिती प्रणालींना तिचा काय उपयोग होतो, ते लिहावं.)

उपयोग काय, ते एका वाक्यात पाहा: "ग्राहकाचे दोन प्रकार, व्यक्ती आणि संस्था." बोलताना यात काहीच खटकत नाही. पण हेच संगणकाला सांगितलं, की 'व्यक्ती' हा 'ग्राहक'चा उपवर्ग झाला, आणि यंत्र निमूटपणे निष्कर्ष काढतं की प्रत्येक व्यक्ती ग्राहक आहे. ग्राहक असणं ही सोडता येणारी भूमिका आहे. माणूस असणं सोडता येत नाही. निकोला ग्वारिनो आणि ख्रिस्तोफर वेल्टी यांच्या 'ऑन्टोक्लीन' या ऑन्टोलॉज्या तपासायच्या पद्धतीत याला नियमच आहे: सुटू शकणाऱ्या गुणधर्माच्या पोटात न सुटणारा गुणधर्म घालायचा नाही. दोन खात्यांच्या नोंदी एकत्र करताना 'ग्राहक' म्हणजे एकीकडे माणूस आणि दुसरीकडे त्याचं खातं निघालं, तर बेरीजच चुकते. हे प्रोग्रामरच्या हुशारीने सुटत नाही, आधी काय कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. १९९८ साली इटलीत ट्रेंटोला याच विषयावरच्या परिषदांची मालिका सुरू झाली, ती या गरजेतूनच.

मराठीचा एक बारकावा इथे फार कामाचा आहे. "हा पोपट हिरवा आहे" आणि "पोपट हिरवा असतो". पहिलं एका पोपटाबद्दल, दुसरं जातीबद्दल. व्यक्ती आणि वर्ग यांतला हा भेद ऑन्टोलॉजीत पायाभूत असतो, आणि आपण तो क्रियापदातच करून बसलो आहोत. फक्त आपलं 'असतो' सैल आहे. "पक्षी उडतो" म्हणताना शहामृग आपल्याला अडवत नाही. 'आऊल' या वेबवरच्या ऑन्टोलॉजी-भाषेत असा नियम लिहिला की एकालाही सूट नाही.

'पदार्थ' हा शब्द मात्र हातचा गेला याचं वाईट वाटतं. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात पदार्थ म्हणजे जे जे आहे त्याचे मूळ प्रकार. त्यांचे द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय (अतूट संबंध) हे पदार्थ म्हणजे शुद्ध आकारिक सत्ताशास्त्र. आज मात्र 'पदार्थांची यादी' म्हटलं की लोक जेवायला बसतील. याच परंपरेतल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या ग्रंथात सातवा पदार्थ आहे 'अभाव', म्हणजे नसणं, आणि माहिती प्रणालीत तोच सगळ्यात जास्त छळतो. नेहमीच्या डेटाबेसमध्ये एखादी गोष्ट नोंदलेली नसेल तर ती नाहीच असं धरतात. आऊलमध्ये नोंद नसली तर ती फक्त ठाऊक नाही, एवढंच. रुग्णाच्या कागदावर पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद नाही, आणि ॲलर्जी नाही अशी नोंद आहे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रणालीने त्या एकच मानल्या तर इंजेक्शन देणाऱ्याला ते कळायचा काही मार्ग उरत नाही.