अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल संघांनी आपला सराव चाहत्यांना आणि पत्रकारांना बघू द्यावा का?

द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण चाहते आणि पत्रकार हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चाहत्यांना वर्षातून मोजके दिवस आत घेतलं तरी चालेल. पत्रकारांसाठी मात्र फाटक रोज थोडा वेळ तरी उघडं असलंच पाहिजे.

मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडचा फुटबॉल पायाने खेळायचा, पेठांचा आणि तालमींचा. गांधी मैदानावर पोरं सरावाला उतरली की कट्ट्यावरची म्हातारी माणसं एकेकाचं नाव घेऊन ओरडायची. कुणाचा गुडघा दुखतोय, कोण दोन दिवस आलेला नाही, हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेला ठाऊक. त्यामुळे 2011 मध्ये नवऱ्याच्या शिक्षणासाठी नेब्रास्कातल्या लिंकनला आले तेव्हा एक गोष्ट पचायला जड गेली. सामन्याच्या शनिवारी सगळं गाव लाल कपड्यांत. विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियममधल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं 1962 पासून विकली जात आलेली. आणि ज्या पोरांसाठी एवढा जीव टाकायचा, त्यांचा सराव बहुतेक दिवस कुंपणाआड.

त्याला एक अपवाद होता. वसंत ऋतूतला सराव संपताना एप्रिलमध्ये संघ स्वतःचेच दोन गट करून एक सामना खेळायचा. 6 एप्रिल 2013 ला आमच्या शेजारच्या आजी आम्हाला तिथे घेऊन गेल्या. मोसमातल्या सामन्यांची तिकिटं त्यांच्या आवाक्याबाहेर गेली होती, हा एकच दिवस त्यांना परवडायचा. अशा कुटुंबांनीच स्टँड भरला होता, साठ हजारांवर माणसं. चौथ्या क्वार्टरमध्ये मेंदूच्या कर्करोगाशी झुंजणारा सात वर्षांचा एक मुलगा 22 नंबरची जर्सी आणि डोक्याला मोठं वाटणारं हेल्मेट घालून मैदानात आला. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा मुख्य खेळाडू, टेलर मार्टिनेझने चेंडू त्याच्या हातात दिला आणि कुठं धावायचं ते खुणेनं दाखवलं. पोरगं 69 यार्ड धावलं. मागून दोन्हीकडचे खेळाडू पळत आले आणि त्याला खांद्यावर उचलून घेतलं. आजी रडत होत्या, मीही. अमेरिकन फुटबॉलचे नियम मला तेव्हा धड कळतही नव्हते, पण त्या दिवसापासून तो संघ माझा झाला. तो मुलगा 19 वर्षांचा होऊन जानेवारी 2025 मध्ये गेला.

त्याच वर्षी आमच्या संघाचे प्रशिक्षक मॅट रूल यांनी हा वसंतातला सामना नेहमीच्या स्वरूपात भरवायचं बंद केलं. 2024 चा सामना टीव्हीवर दाखवला आणि त्यानंतर दुसरे संघ आमची पोरं पळवायला बघत होते, असं त्यांचं म्हणणं. 2025 ला सामन्याऐवजी खेळाडूंच्या कौशल्याच्या स्पर्धा ठेवल्या. टेक्सस विद्यापीठानेही त्या वर्षी आपला सामना सोडून दिला. मी रूल यांना खोटं ठरवत नाही. 2021 पासून खेळाडूंना जाहिरातींतून पैसा मिळू लागला आणि संघ बदलणंही फार सोपं झालं, त्यामुळे चांगला खेळाडू टिकवणं खरोखर कठीण आहे. पण मोसमात संघ किमान बारा सामने खेळतो आणि ते सगळे टीव्हीवर दिसतात. पोरगा हेरायचा तर तेवढे पुरेत. राखीव खेळाडू तेवढे दिसत नाहीत, हे मान्य. त्यावरचा खरा इलाज नियमात होता आणि तो झालाही: 2026 पासून संघ बदलण्याची मुदत जानेवारीत एकदाच येते, वसंतातली मुदत गेली. मग आजींचा तो एक दिवस परत द्यायला हरकत काय?

डावपेच फुटतील, ही दुसरी भीती. वस्ताद एक डाव राखून ठेवतो हे कोल्हापूरकराला शिकवायला नको, आणि तो त्यानं ठेवावाच. पण एक डाव राखायला तालमीचं दार दिवसभर कशाला लावायचं? पीट कॅरल 2001 ते 2009 या काळात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. त्यांचा सराव बघायला लोक सहज आत जायचे, हॉलिवूडची मंडळीसुद्धा यायची. त्याच काळात 2003 आणि 2004 ला पत्रकारांच्या मतदानात तो संघ देशात पहिला आला. मागाहून एका खेळाडूने बाहेरच्या लोकांकडून पैसे घेतल्याचं प्रकरण निघालं आणि 2010 मध्ये त्या विद्यापीठाला जबर शिक्षा झाली, हेही सांगायला हवं. आत कोण येतंय याची नोंद ठेवा, हा धडा त्यातून जरूर घ्यावा.

उलट गुपितं फुटल्याचं अलीकडचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण सरावाच्या मैदानावरचं नव्हतंच. 2023 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संघाच्या एका कर्मचाऱ्यावर ठपका आला तो प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसं पाठवून, प्रशिक्षक हातवाऱ्यांनी डाव सांगतात त्या खुणा टिपल्याचा. तिथे माणसं चक्क तिकिटं काढून बसली होती. त्यानंतर 2024 पासून हेल्मेटमध्ये रेडिओ आला आणि प्रशिक्षक थेट खेळाडूच्या कानात बोलू लागला.

दुखापती लपवायला दार बंद हवं, हा मुद्दा तर मोडीतच निघालाय. सट्टा बऱ्याच राज्यांत कायदेशीर झाल्यावर, आमचा संघ ज्यात खेळतो त्या बिग टेन गटाने 2023 पासून सामन्याआधी कोण खेळणार नाही हे जाहीर करायला लावलं आहे.

आता पत्रकारांबद्दल. 29 मे 2018 ला मेरीलँड विद्यापीठाच्या संघाच्या व्यायामाच्या वेळी जॉर्डन मॅकनेअर हा 19 वर्षांचा खेळाडू 110 यार्डांच्या धावा काढता काढता कोसळला. उष्माघात होता. अशा वेळी माणसाला ताबडतोब बर्फाच्या पाण्यात बुडवायचं असतं. ते झालं नाही. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णवाहिका निघेपर्यंत दीड तासाहून जास्त वेळ गेला, असं नंतरच्या चौकशीत निघालं. 13 जूनला तो वारला. त्या संघात पोरांना कसं घालूनपाडून बोललं जायचं, कसं दमात घेतलं जायचं, हे बाहेर आलं ते ऑगस्टमध्ये, ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या वार्ताहरांनी खेळाडूंना आणि कर्मचाऱ्यांना गाठून लिहिलं तेव्हा. त्यानंतर काही दिवसांतच विद्यापीठाने जबाबदारी मान्य केली.

त्या दिवशी कुंपणापाशी एखादा वार्ताहर उभा असता तर पोरगा वाचला असता, असं मी म्हणणार नाही. तो व्यायामाचा दिवस होता, बहुधा कुणी आलंही नसतं. पण जिथे रोज कुणीतरी बाहेरचं उभं असतं, तिथे ओरडणाऱ्याला आवाज आवरायची सवय लागते आणि चक्कर आलेल्या पोराला बसायची लाज वाटत नाही. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर प्रशिक्षकाला नाही म्हणू शकत नाही. त्याची जागा आणि शिष्यवृत्ती त्याच माणसाच्या हातात असते. 1954 मध्ये टेक्सस ए अँड एमचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट पोरांना घेऊन कॅम्पसपासून लांब जंक्शन नावाच्या गावी गेले आणि कडक उन्हात, पाणी न देता, दहा दिवस त्यांना पिळून काढलं. पुष्कळ पोरं सोडून पळाली. लोक ती गोष्ट आजही कौतुकाने सांगतात. मला ती ऐकवत नाही.

बंद दाराच्या बाजूने एकच कारण मला खरोखर पटतं: एखाद्या नवख्या पोराच्या हातून चेंडू निसटतो, कुणीतरी ते फोनवर टिपतं आणि रात्रीपर्यंत हजारो लोक त्याला शिव्या घालतात. म्हणून चाहत्यांचे फोन फाटकावर जमा करून घ्यावेत. पत्रकारांनी डावांबद्दल लिहू नये अशी अट घालावी. एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघही तशी घालतात. शेवटचा अर्धा तास डाव बसवायला सगळ्यांना बाहेर काढावं, मी पहिली उठेन. पण ऑगस्टच्या उन्हात पोरं पळत असताना मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याचा टब भरून ठेवलाय की नाही, एवढं वार्ताहराला रोज त्याच्या डोळ्यांनी बघता आलं पाहिजे.