समुद्रपक्षी ‘चरतात’ की ‘टिपतात’?

उन्हाळ्यात समुद्रकिनारी टिपलेल्या एका छायाचित्राखाली वडोदऱ्यातील एका वाचकांनी ‘ओहोटीच्या वेळी चरणारे समुद्रपक्षी’ असे लिहिले. त्यावर त्यांच्या आत्याबाईंनी हरकत घेतली की, चरतात ती गुरे, पाखरे दाणे टिपतात. आता ‘भक्षण करणारे’ असे लिहावे काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

‘भक्षण’ मुळीच नको. त्या शब्दाने कोळंबीएवढ्या घासालाही राक्षसी रूप येते. मात्र ‘चरणे’ गुरांपुरतेच आहे, हे मला मान्य नाही. ‘चर्’ या संस्कृत धातूचा मूळ अर्थ हिंडणे, फिरणे असा आहे, आणि मराठीत तो हिंडता हिंडता खाणे या अर्थी स्थिरावला. कोंबड्या आपण चरायलाच सोडतो, आणि ‘ज्याने चोच दिली तो चाराही देईल’ या म्हणीतला चारा पाखराचाच आहे.

तरीही आत्याबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे, कारण किनाऱ्यावरचे सगळे पक्षी एकाच रीतीने खात नाहीत. गेल्या वैशाखात आम्ही जंबुसर तालुक्यातल्या कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक इतका मोठा असतो की हे देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या चिखलात उत्तरेकडे परतायचे राहिलेले काही तुतवार (हिवाळ्यात येणारे छोटे किनारपक्षी, इंग्रजीत सँडपायपर) दोन पावले चालत, चोच खुपसत, पुन्हा चालत होते. याला ‘चरणे’ याहून नेमके क्रियापद मला सुचत नाही. त्यांच्या डोक्यावर लहान सुरय (इंग्रजीत टर्न) हा पक्षी पंख फडफडवत हवेत एका जागी थांबे, मान खाली घाली आणि सूर मारून चोचीत मासा घेऊनच वर येई. हे मात्र ‘टिपणे’. टिपण्यात नेम असतो: आपण डोळ्यांतले पाणी टिपतो, नेमबाज निशाण टिपतो, आणि वर पहिल्याच वाक्यात छायाचित्रही टिपलेलेच आहे. (सुरय हे नाव ‘सूर मारण्या’वरून पडले असावे, असे कोणालाही वाटेल, पण नुसत्या उच्चारसाम्यावर व्युत्पत्ती बांधू नये.) समुद्र बगळा उथळ पाण्यात पाय हलवून मासे बिचकवतो आणि मग त्यांना गट्ट करतो, कुरव (म्हणजे सीगल) दुसऱ्याच्या चोचीतला घास पळवतो किंवा कोळ्यांनी टाकलेले मटकावतो. या दोघांना ना चरणे शोभते, ना टिपणे.

तेव्हा छायाचित्रात कोण आहे, ते आधी पाहावे. तुतवार असतील तर ‘चरणारे तुतवार’ बिनदिक्कत लिहावे, सुरय असेल तर ‘मासा टिपणारा सुरय’ असे लिहावे, आणि सगळ्यांची सरमिसळ असेल तर ‘खाद्य शोधणारे पक्षी’ हा साधा, थोडा बेचव पर्याय आहेच.

याच वाचकांनी ‘चणणारे पक्षी’ चालेल का, असेही विचारले आहे. आपल्या वडोदऱ्याच्या घरांतून ‘कबुतरांना चण टाक’ असे सर्रास म्हटले जाते आणि गुजरातीतून आलेला हा शब्द मला प्रियही आहे; पण चण म्हणजे चबुतऱ्यावर टाकायची ज्वारी-बाजरी. खेकडा कोणी चणत नाही.