माळवदातला कवडसा आणि रेषा

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातील असून कला महाविद्यालयात रेखा व रंगकला शाखेच्या अंतिम वर्षात शिकते. माझ्या प्रकल्पाचा विषय ‘रेषा आणि प्रकाश’ हा आहे. आमच्या गावाकडच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराची शाईने केलेली रेखाटने मी पातळ कागदावर मांडली आणि त्यांच्यामागे एलईडी पट्ट्या लावल्या. रेखाटन चांगले आहे, परंतु प्रकाश वरून चिकटवल्यासारखा वाटतो, असे सरांनी सांगितले. पुढे काय करावे? तारेची आकृती करून तिची सावली भिंतीवर पाडण्याचाही विचार आहे.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : सरांचे निरीक्षण मला पटते. तुमची रेषा आधी पूर्ण झाली आणि प्रकाश नंतर आला. त्यामुळे त्याला त्या चित्रात काही कामच उरले नाही. हा क्रम उलटा करून पाहा. रेषा कुठून कुठे जायची हे प्रकाशाने ठरवावे आणि पेन्सिलीने त्याच्यामागून जावे. त्यासाठी लागणारी जागा तुमच्या घरातच आहे.

माळवदाला उजेडासाठी झरोका ठेवलेला असतो आणि त्यातून जमिनीवर कवडसा पडतो. तो झरोका पुठ्ठ्याने झाकून पुठ्ठ्याला केवळ पाच-सहा मिलिमीटरचे भोक ठेवा. भोक चौकोनी असले तरी खाली पडणारा कवडसा जवळपास गोल दिसेल, कारण तो भोकाचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. छत तीन मीटर उंच असेल, तर ही प्रतिमा साधारण तीन सेंटिमीटरची होते आणि भर दुपारी ती मिनिटाला एक सेंटिमीटरहून थोडी अधिक वेगाने पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. जमिनीवर मोठा कागद अंथरा, दर पाच मिनिटांनी कवडशाचा मध्य टिंबाने नोंदवा आणि शेजारी वेळ लिहा. माळवदाच्या जाडीमुळे सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणे आत येणार नाहीत. दुपारचे काही तासच हाती लागतील, आणि ती मर्यादाही चित्रात दिसू द्यावी.

या टिंबांतून जी रेषा तयार होते, ती दर महिन्याला वेगळी असते. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास ती जवळजवळ सरळ जाते, हिवाळ्यात एका बाजूला वाकते आणि उन्हाळ्यात दुसऱ्या बाजूला. डिसेंबरात कवडसा झरोक्याच्या उत्तरेला बराच दूर पडतो; धाराशिवच्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैअखेरीस तो मध्यान्ही थेट झरोक्याखाली येतो. वर्षभर थांबण्याइतका अवधी तुमच्याकडे नाही, हे मी जाणतो. तरी महिना-दीड महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दोन-तीन नोंदी एकाच कागदावर आल्या, तरी त्यांच्यातला फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. पूर्वीची शाईची रेखाटने टाकून देऊ नका. त्याच खोलीतली तुळई, उतरंड, कोनाडा यांपैकी ज्या वस्तूवरून कवडसा जातो, तेवढीच वस्तू आता रेखाटा आणि बाकीचा कागद कोरा सोडा.

या टप्प्यावर नसरीन मोहम्मदी (१९३७–१९९०) यांचे काम आवर्जून पाहावे. १९७२ पासून त्यांनी बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत अध्यापन केले. शाई आणि पेन्सिलीने ओढलेल्या त्यांच्या अत्यंत संयमित रेषांइतकीच त्यांनी काढलेली छायाचित्रेही महत्त्वाची आहेत. ऊन, सावली आणि फरशीच्या कडा यांच्याकडे त्या किती बारकाईने पाहत होत्या, हे त्यांतून कळते.

वेरूळलाही एकदा दुपारनंतर जा; मंगळवारी लेणी बंद असतात. तिथली डोंगररांग पश्चिमाभिमुख असल्यामुळे उतरते ऊन लेण्यांच्या दर्शनी भागावर येते. दहाव्या लेण्यात छताला दगडातच कोरलेल्या फासळ्या आहेत. त्यांची रेषा कुणी आखलेली नाही, उजेड आणि अंधार जिथे भेटतात तिथे ती दिसते आणि उजेड बदलला की तिची जाडीही बदलते. याउलट अजिंठ्याच्या चित्रांत आकृतीचा गोलावा मुख्यतः बाह्यरेषा आणि छटा यांनी साधलेला आहे, जमिनीवर पडलेली सावली तिथे सहसा रंगवलेली नसते. तुमची सध्याची रेषा अजिंठ्याच्या बाजूची आहे. ती वेरूळच्या बाजूला न्यायची की दोन्ही एकत्र आणायच्या, हा निर्णय तुमचाच असावा.

तारेच्या कल्पनेविषयी मात्र सावध करतो. उन्हातली सावली अंतरानुसार पुसट होते. तार भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर असेल, तर सावलीची कड सुमारे एक मिलिमीटर पसरते. एक मीटरवर ती नऊ मिलिमीटरपर्यंत पसरते आणि बारीक तारेची सावली जवळपास नाहीशी होते. ट्यूबलाइटसारख्या लांब दिव्याने तर नळीला आडव्या जाणाऱ्या तारेची सावली पुसली जाते. म्हणून तारेचा काही भाग भिंतीजवळ आणि काही दूर ठेवलात, तर एकाच सावलीत ठळक आणि विरत जाणारी अशा दोन्ही रेषा मिळतील. शाईच्या कामात यासाठी निब बदलावी लागते. मांडणीच्या दालनात ऊन नसेल, तर काच वा कागदी आच्छादन नसलेला एकच लहान दिवा वापरा आणि एलईडी पट्ट्या काढून टाका. कवडशाच्या नोंदींचे कागद भिंतीवर चौकटीत न लावता जमिनीवरच अंथरा, टिंबांशेजारच्या वेळा खोडू नका आणि मूल्यमापनाच्या वेळी पुठ्ठ्याचा तो झरोकाही सोबत ठेवा.